इंद्रायणीकाठचं देणं

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाकडे सुट्टीत पाहुणे उतरले, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो : ''इथं बघण्यासारखं काय आहे हो?'' यजमान कप खाली ठेवतो, बायकोकडे बघतो आणि मग पाहुण्यांना पुण्याला घेऊन जातो. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, सारसबाग, परतताना भेळ. नाहीतर मग लोणावळा आणि चिक्की. दापोडीपासून तळेगावपर्यंत आणि भोसरीपासून चाकणपर्यंतचा सगळा मुलूख कारखाने, शेड, ट्रक आणि सहा-सहा मजली सोसायट्यांनी भरला आहे. इथं माणसं नोकरीला येतात, बघायला कोण येणार, अशी आपली सगळ्यांची समजूत.

समजूत तशी स्वाभाविक आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को आणि बजाज आले, १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. इथली बरीचशी माणसं त्यानंतर आलेली. सातारा, लातूर, जळगाव, बिहार, केरळ असा प्रत्येकाचा इतिहास गावाकडे राहिला आणि इथं आली ती पगाराची पावती. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांनी तर आपलं गावच सीमेपलीकडे सोडलं होतं. अशा वस्तीला आपल्या पायाखालच्या मातीचं वय विचारायला सवड मिळत नाही.

माझी नोकरी बँकेतली. या पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना कर्ज देणं आणि ते वसूल करणं, यात उमेदीची बरीच वर्षं गेली. लेथ मशिनच्या कर्जाचे अर्ज चाळताना एक गोष्ट लक्षात यायची. कंपन्यांच्या नावांत पुन्हा पुन्हा तीच माणसं भेटायची : मोरया, माउली, तुकाराम, चक्रेश्वर. सोलापूरहून आलेला फिटरसुद्धा इथं शेड टाकताना इथल्याच देवाला जामीनदार ठेवायचा. ही नावं जिथून आली, ती सगळी ठिकाणं फॅक्टरीच्या गेटपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत. सेवेतून मोकळा झाल्यावर ती मी एकेक करून, सावकाश, पायी जाऊन पाहिली. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आमच्या पिढीतल्या अनेकांची मुलं आता परदेशी आहेत. कुणी डब्लिनला, कुणी कॉर्कला. आईवडील तीन-चार महिने जाऊन येतात आणि मोबाइलवर फोटो दाखवतात. शॅनन नदीच्या काठावरचं क्लॉनमॅकनॉइज : सहाव्या शतकात किअरन नावाच्या साधूनं स्थापलेला मठ, आता नुसत्या दगडी भिंती आणि कोरीव क्रूस. न्यूग्रेंज : पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं, जिथं डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी उगवतीचा किरण आतल्या खोलीपर्यंत पोचतो. बघण्यासारखीच ठिकाणं आहेत ती. पण हेच फोटो दाखवणाऱ्या निवृत्त गृहस्थांना, ''घोरावडेश्वर पाहिलात का?'' असं विचारलं की ते म्हणतात, ''तो होय! कंपनीच्या बसमधून रोज दिसायचा की.''

तर या रविवारी त्या बसमधून खाली उतरू या.

पवनेकाठी

सुरुवात चिंचवडगावापासून करावी. पवनेच्या काठावर मोरया गोसावींचं समाधिमंदिर आहे. भक्कम, ठेंगणं, काळ्या दगडाचं. नजरेत भरावं असं त्याच्यात काही नाही आणि तिथं बसल्यावर मन शांत होतं ते बहुधा त्यामुळेच. मोरगावच्या गणपतीचे हे निस्सीम भक्त. 'गणपती बाप्पा मोरया' या आरोळीतला मोरया हाच, असं मानतात. म्हणजे भाद्रपदात जगभरचे मराठी लोक ज्याचं नाव घेतात, तो माणूस आपल्या स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. मंदिरातल्या शिलालेखाप्रमाणे हे बांधकाम शके १५८० मध्ये, म्हणजे १६५८-५९ च्या सुमारास, मोरयांच्या गादीवरच्या चिंतामणी महाराजांनी सुरू केलं. माघात आणि भाद्रपदात इथून मोरगावला पालखी जाते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की पवना देवळात शिरते. गावातली म्हातारी माणसं त्याला पूर म्हणत नाहीत, नदी भेटायला आली म्हणतात.

जवळच मंगलमूर्ती वाडा आहे. तुकोबा या घराण्याकडे जेवायला आले, पंगतीत विठ्ठलाचं आणि गणपतीचं पान मांडलं गेलं, आणि तेव्हापासून घराण्याला 'देव' म्हणू लागले, अशी आख्यायिका आहे. एके काळी चिंचवडच्या देवांची कीर्ती इतकी होती, की मारिया ग्रॅहम ही प्रवासी बाई १८०९ साली इथं मुद्दाम येऊन गेली आणि १८१२ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात तिनं त्याबद्दल लिहिलं. पिंपरी-चिंचवडमध्ये पर्यटक येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी तिला विसरू नये.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर चापेकर वाडा. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तीन भावांचं घर आता स्मारक म्हणून उभं आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्या हाताखाली घराघरांत झडत्या झाल्या आणि २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या आतषबाजीनंतर, गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १८ एप्रिल १८९८ ला दामोदर, ८ मे १८९९ ला वासुदेव, १० मे ला त्यांचे साथीदार महादेव रानडे आणि १२ मे ला बाळकृष्ण फासावर गेले. तेरा महिन्यांच्या आत एका आईची तीन मुलं गेली. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या भगिनी निवेदिता, म्हणजे पूर्वाश्रमीच्या मार्गारेट नोबल, या माउलीला वंदन करायला पुण्याला आल्या होत्या, असं सांगितलं जातं. देशासाठी मुलं देणं म्हणजे काय, हे गुलामीत राहिलेल्या मुलखातल्या बाईला कुणी समजावून सांगायला लागलं नसेल.

मुलांना घेऊन जाल तर त्या वाड्यात दोन मिनिटं गप्प उभं राहायला सांगा. चापेकर चौकातले पुतळे ती रोज बघतात. पण पुतळ्यांना घर असतं, हे त्यांना माहीत नसतं.

डोंगरातली बाई

आता लोकल पकडा. चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी. बेगडेवाडीला उतरलं की समोर घोरावडेश्वरचा डोंगर. पायऱ्या आहेत, चढ दमवणारा पण अर्ध्या तासाचा. वर कोरीव लेणी आहेत. त्यांना शेलारवाडीची लेणी असंही म्हणतात. मूळची ती बौद्ध. मोठ्या लेण्यात आज महादेवाची पिंड आहे आणि महाशिवरात्रीला डोंगर माणसांनी भरून जातो. तुकोबा एकांतासाठी ज्या तीन डोंगरांवर जात, त्यांपैकी हा एक, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. भिक्खू, महादेव, तुकोबा : एकाच खडकात तिघं शेजार करून आहेत आणि एकमेकांविरुद्ध कुणाची तक्रार ऐकू येत नाही.

इथल्या एका ब्राह्मी शिलालेखासाठी मात्र मी तुम्हाला एवढा डोंगर चढायला लावतो आहे. लेख साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो कुणा राजाचा किंवा सेनापतीचा नाही. धेनुकाकट या गावी राहणारा उसभणक नावाचा एक नांगऱ्या. त्याची बायको सियगुतनिका. तिनं आपल्या नंद या मुलासह हे लेणं दान दिलं, एवढंच त्यात सांगितलं आहे. कार्ल्याच्या लेण्यांतही धेनुकाकटच्या दात्यांची नावं आहेत; त्यांत यवनसुद्धा आहेत. म्हणजे कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापारी रस्त्यावरचं ते मोठं नांदतं गाव असणार. पण इथं खडकावर नाव राहिलं ते शेतकऱ्याच्या बायकोचं.

उसभणकाला लेखात 'कुडुबिक' म्हटलं आहे. कुटुंबिक, कुडुबिक आणि त्यातूनच पुढे 'कुणबी' झाला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. इथून दोन तासांच्या चालीवर, पंधरा-सोळाशे वर्षांनी, स्वतःला अभिमानानं कुणबी म्हणवून घेणारा एक माणूस जन्माला आला. तो शब्द या खोऱ्यातच मुरला होता.

आणखी एक शब्द आहे त्या लेखात : 'देयधम'. देण्याचा धर्म, दान. मराठीत या 'दे'पासून आपण 'देणं' हा शब्द केला आणि त्याला दोन अर्थ दिले. एखाद्याला काही देतो तेही देणं, आणि एखाद्याचं फेडायचं राहिलं आहे तेही देणंच. बँकेत हे दोन्ही वेगवेगळ्या रजिस्टरांत लिहावे लागतात. आपल्या भाषेनं मात्र ते एकाच पानावर मांडले. सियगुतनिकेचं पहिल्या अर्थाचं देणं आपल्यापर्यंत पोचलं. दुसऱ्या अर्थाकडे आपण थोड्या वेळानं येऊ.

डोंगरावरून खाली बघा. जुना मुंबई-पुणे रस्ता, रेल्वे, द्रुतगती मार्ग, सगळे या डोंगरांमधल्या वाटेनंच गेले आहेत. क्लॉनमॅकनॉइजचा मठसुद्धा दलदलीतून जाणारा जुना रस्ता नदीला भेटतो, तिथंच उभा राहिला होता. साधू एकांत शोधतात हे खरं, पण रस्त्यापासून फार लांब जात नाहीत. भिक्षाही लागते आणि ऐकणारी माणसंही लागतात. आणि कारखान्यांनासुद्धा रस्ता आणि पाणीच लागतं. त्यामुळे देव आणि कारखाने या पट्ट्यात शेजारी आले, यात आश्चर्य काहीच नाही.

२५ डिसेंबर १९५४

परतीच्या वाटेवर देहूरोडला उतरायचं. छावणी आणि लष्करी डेपो यांच्या आसऱ्यानं वाढलेलं हे गाव. इथल्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे त्याच्याही जवळजवळ दोन वर्षं आधी. या जागेला धम्मभूमी म्हणतात आणि दरवर्षी २५ डिसेंबरला पांढऱ्या कपड्यांतली माणसं इथं दुरून दुरून येतात. बाकीचं शहर त्या दिवशी नाताळच्या केकच्या रांगेत असतं आणि एवढी मोठी घटना आपल्या लोकल स्टेशनाजवळ घडली हे त्याच्या गावीही नसतं.

त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी एक विधान केलं. पंढरपूरचा विठोबा हा मूळचा बुद्धच आहे आणि त्यावर आपण प्रबंध लिहिणार आहोत, असं ते म्हणाले. प्रबंध लिहायला त्यांना आयुष्य पुरलं नाही. त्या विधानावर आजही वाद होतात, व्हावेत. मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. विठोबाच्या सर्वांत मोठ्या कवीचं गाव तिथून पाच-सहा किलोमीटरवर आहे, आणि बुद्धाची लेणी तेवढीसुद्धा दूर नाहीत. शतकानुशतकं देवळाच्या बाहेर उभं केलेल्या समाजाचा नेता, दोघांच्या मधोमध उभा राहून, ही दोन नावं जोडून दाखवत होता. हेही एक जुनं देणंच होतं आणि ते समाजाच्या खात्यावर थकलेलं होतं.

इथं पहिला रविवार संपवावा. उरलेली ठिकाणं एका दिवसात उरकण्याच्या फंदात पडू नये. मुलं कंटाळतात आणि मोठी माणसं त्यांच्यावर ओरडतात.

बुडालेलं आणि तरलेलं

दुसऱ्या रविवारी देहू. देऊळ, शिळामंदिर, इंद्रायणीचा घाट आणि नदीकाठचा गाथा मंदिराचा मोठा घुमट. तिथं आत संगमरवरावर तुकोबांचे चार हजारांवर अभंग कोरले आहेत. शिळामंदिराची नवी वास्तू १४ जून २०२२ ला खुली झाली. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेला, या घाटावर पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या सकाळी मात्र घाट मोकळा असतो आणि इथली गोष्ट मुलांना निवांत सांगता येते.

गाथा बुडवल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी याच डोहात तुकोबांनी आणखी काही बुडवलं होतं, ते मला माझ्या धंद्यामुळे जास्त लक्षात राहिलं. घरची सावकारी होती, वाण्याचं दुकान होतं. १६३० चा भयंकर दुष्काळ आला. गुरं गेली, माणसं गेली. तुकोबांची पहिली पत्नी त्यात अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, बोलावलं. लोकांची कर्जखतं काढली, निम्मी भावाच्या हवाली केली, कारण त्याचा संसार होता, आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत सोडून दिली.

बँकेत कर्जमाफीची फाइल किती टेबलांवरून फिरते हे मला माहीत आहे. ती माफी दुसऱ्याच्या पैशांनी होते. इथं एक माणूस स्वतःचं येणं बुडवतो, भावाच्या वाट्याला हात लावत नाही, आणि मग स्वतः उपाशी राहायला मोकळा होतो. हिशेबाला इतकं चोख आणि व्यवहाराला इतकं वेडं कृत्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

पुढे वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या आक्षेपावरून गाथेच्या वह्या त्याच नदीत गेल्या आणि तेराव्या दिवशी तरून वर आल्या. भाविक याला विठ्ठलाची कृपा म्हणतात. अभ्यासक म्हणतात, अभंग तोवर लोकांच्या तोंडी बसले होते, ते कसे बुडणार? दोन्ही म्हणणी ऐकून घ्यावीत आणि घाटावर बसून त्या दोन वह्यांचा विचार करावा. घेण्याची वही बुडाली ती वर आली नाही. देण्याची वर आली.

ही देण्याची वही कुणी सांभाळली, तेही बघता येतं. देहूहून चाकणकडे जाताना वाटेत इंदोरीला सरसेनापती दाभाड्यांची गढी लागते, जवळच भंडाऱ्याचा डोंगर, आणि पुढे सुदुंबरे. इथं संताजी जगनाडे यांची समाधी आहे. मूळचे चाकणचे, घाण्यावर तेल गाळणारे. तुकोबांचे टाळकरी आणि त्यांचे अभंग उतरवून घेणारे. त्यांच्या घराण्यात जपलेल्या वह्यांवरून पुढे वि. ल. भावे यांनी गाथा छापली. राजाच्या दरबारात चिटणीस असतो. या दरबाराचा चिटणीस एक तेली होता. त्याच्या खाडाखोडीसकट आलेले अभंग आज संगमरवरावर आहेत.

भंडाऱ्यावर गाडी वरपर्यंत जाते. तिसरा डोंगर भामचंद्र. तो शिंदे-वासुलीकडे, चाकण एमआयडीसीच्या अगदी कुशीत. तिथं मात्र पाय वापरावे लागतात आणि लहान मुलांना, म्हाताऱ्यांना शेवटच्या चढावर हात द्यावा लागतो. कोरीव गुंफा, पाण्याचं टाकं आणि साधना करणारे दोन-चार तरुण वारकरी. तुकोबांना साक्षात्कार झाला तो इथं, अशी परंपरा आहे. गुंफेच्या तोंडाशी बसलं की समोर मोटारींच्या कारखान्यांची निळी-पांढरी छपरं पसरलेली दिसतात. २००९ नंतर जगातल्या मोठमोठ्या कंपन्या या माळावर आल्या. त्यांनी हजारो घरांत चूल पेटवली हे विसरून चालणार नाही. ज्याच्या मुलाला तिथं नोकरी आहे, त्याला कारखान्याच्या नावानं बोटं मोडण्याचा अधिकार नाही.

पण २००८ साली याच परिसरात डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहू लागलं, तेव्हा गावकरी आणि वारकरी रस्त्यावर उतरले. भोपाळची युनियन कार्बाइड या कंपनीनं विकत घेतली होती, आणि इंद्रायणीकाठी हे नको, असं त्यांचं म्हणणं होतं. आंदोलन पेटलं, जाळपोळही झाली, काम थांबलं आणि पुढे कंपनीनं ती जागा सोडली. जाळपोळीचं समर्थन तुकोबांच्या नावानं करता येत नाही. तरी टाळ घेऊन पंढरीला जाणारा माणूस नदीसाठी रस्त्यावर उतरू शकतो, हे त्या वर्षी सगळ्यांना दिसलं.

पावसाळ्यातले दोन महिने

चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, एवढीच ओळख आता राहिली आहे. तिथं वस्तीला खेटून संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. बहामनी काळात मलिक-उत्-तुजारनं इथं ठाणं केलं होतं. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे यांच्या जहागिरीत पुणे-सुप्याबरोबर चाकणही होतं. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानानं प्रचंड फौजेनिशी या छोट्या किल्ल्याला वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा आणि तीन-साडेतीनशे माणसं. पंचावन्न-छप्पन्न दिवस किल्ला लढला. शेवटी बुरुजाखाली सुरुंग खणून तो उडवला, तेव्हा कुठे मोगल आत शिरले. शाइस्ताखानानं फिरंगोजीला बादशाही चाकरी देऊ केली. त्यानं ती नाकारली आणि तो महाराजांकडे परतला.

आज तटाचे थोडे तुकडे, खंदकाच्या खुणा आणि बाजूला घरांची दाटी. सह्याद्रीतल्या गडांवर उंची स्वतःच निम्मी लढाई लढते. इथं सपाट जमिनीवर, चिखलात, फक्त माणसं लढली. गावातलं चक्रेश्वराचं देऊळही बघावं. दशरथाच्या रथाचं चाक इथं निखळून पडलं, म्हणून चाकण, अशी गोष्ट तिथले पुजारी सांगतात. मोटारींच्या गावाला चाकाचीच दंतकथा असावी, हा योग मोठा गमतीचा आहे.

आळंदीच्या घाटावर

शेवट आळंदीला. शके १२१८, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी इथं समाधी घेतली. वय अवघं एकवीस. समाधीचं देऊळ, सिद्धेश्वर, अजानवृक्ष, चालवलेली भिंत, सगळं तुम्हाला माहीत आहेच. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्थाही इथलीच. गल्लीगल्लीतून पखवाजाचे बोल घोकणारी मुलं दिसतात. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून ज्ञानोबा-तुकाराम जोडीनं म्हणायला लावलं. ती देहूची पालखी आजही दुसरा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यांच्या भिंतींमधून पुण्याकडे निघते. त्या सकाळी कामगार पाळीला जाताना पालखीला हात लावून जातात.

आळंदीला आलात की दर्शन घ्या आणि मग घाटावर जाऊन नदीकडे बघा. अलीकडच्या वर्षांत अनेकदा इथं पाण्यावर पांढरा फेस तरंगताना दिसतो, बर्फ पडल्यासारखा. लांबून आलेला वारकरी तो बाजूला सारून डुबकी मारतो. वर्तमानपत्रांत फोटो येतात, आश्वासनं येतात आणि पुढच्या कार्तिकीला पुन्हा फेस येतो.

हा फेस होतो कसा, ते समजून घ्यायला हवं. साबण, धुण्याची पावडर आणि काही कारखान्यांतली रसायनं पाण्यात मिसळली की पाण्याचा ताण कमी होतो. असं पाणी बंधाऱ्यावरून खाली कोसळलं की ढवळून त्याचा फेस बनतो. म्हणजे या फेसात कुठल्याशा चुकार कारखान्याचं सांडपाणी आहे, आणि त्याचबरोबर लोणावळ्यापासून आळंदीपर्यंतच्या प्रत्येक वाढत्या गावाच्या, प्रत्येक नव्या सोसायटीच्या मोरीतून न शुद्ध होता आलेलं पाणीही आहे. मंदिराच्या पायरीवर उभं राहून कारखान्यांना शिव्या देणाऱ्याच्या घरचं कपडे धुतलेलं पाणीसुद्धा त्यात असू शकतं.

घोरावडेश्वरावर सोडलेला 'देणं' या शब्दाचा दुसरा अर्थ इथं भेटतो. या खोऱ्यानं आपल्याला काय काय दिलं याची यादी दोन रविवारांत पाठ झाली : लेणं, समाधी, तीन भावांचे प्राण, बुद्धमूर्ती, गाथा, एका बुरुजासाठी लढलेली माणसं. आणि पोट भरायला कारखाने. सियगुतनिकेपासून फिरंगोजीपर्यंत कुणी परतफेड मागितली नाही. पण मागितली नाही म्हणून देणं संपत नाही. बँकेत असताना हे मी शेकडो कर्जदारांना समजावलं आहे. थकबाकी कुणी एकरकमी फेडू शकत नसेल तर हप्ते बांधून द्यावेत, हा साधा नियम.

आपल्याला जमतील असे हप्ते आहेत. सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलेलं असतं, ते वीजबिलाच्या भीतीनं बंद ठेवलेलं नाही ना, हे पुढच्या सभेत विचारावं. आपल्या कंपनीचा टँकर रात्री कुठं रिकामा होतो, हे नोकरीतल्या माणसानं जाणून घ्यावं. डोंगरावर नेलेली पाण्याची बाटली खाली आणावी. आणि घरातल्या मुलांना एकदा तरी हा सगळा प्रवास घडवावा. ज्या नदीचं नाव आणि गोष्ट माहीत आहे, तिच्यात घाण टाकताना मूल अडखळतं.

पुढच्या वेळी पाहुण्यांनी चहाच्या वेळी तो प्रश्न विचारला, तर त्यांना जरूर घेऊन निघा. फक्त आळंदीच्या घाटावर पोचल्यावर ते विचारतील, ''हे पांढरं काय आहे हो?'' त्याचं उत्तर तयार ठेवा.